निर्वात भट्टी

लोहाराच्या भट्टीत तापवलेली पहार तुम्ही पाहिली असेल. थंड असताना जी पहार खडक फोडते, तीच लालबुंद झाली म्हणजे हातोड्याच्या घावाखाली मुकाट्याने वाकते. उष्णता लागली की धातू मऊ होतो, हा अनुभव मानवाला हजारो वर्षांपासून आहे. किंबहुना, धातूच्या या गुणाच्या बळावरच त्याने नांगराच्या फाळापासून तलवारीपर्यंत सर्व काही घडवले. परंतु विसाव्या शतकात असे एक यंत्र जन्माला आले, की त्याला याच्या अगदी उलट गुण हवा होता. लाल होईपर्यंत तापूनही जो वाकणार नाही, लांबणार नाही आणि तडकणार नाही, असा धातू त्या यंत्राने मागितला. ते यंत्र म्हणजे विमानाचे जेट एंजिन होय. त्याची ही मागणी पुरी करण्यासाठी मानवाला चक्क हवाच भट्टीबाहेर काढावी लागली. ती का आणि कशी, हे आपण पाहू.

जेट एंजिनाचे तत्त्व सोपे आहे. समोरून हवा आत ओढावयाची, ती दाबावयाची, तिच्यात इंधन जाळावयाचे आणि तापून फुगलेले वायू वेगाने मागे सोडावयाचे. वायू मागे धाव घेतात आणि विमान पुढे जाते. पण आत येणारी हवा दाबण्यासाठी शक्ती हवी. ती मिळवण्यासाठी या तप्त वायूंच्या वाटेतच एक चाक बसवलेले असते. त्याला टर्बाइन म्हणतात. त्याच्या कडेने पात्यांची रांग असते. वारा लागून कागदी भिरभिरे फिरावे, तसे हे चाक फिरते. फरक इतकाच, की हा वारा आगीचा असतो.

या पात्यावर दोन संकटे एकाच वेळी कोसळतात. पहिले उष्णतेचे, ते तर उघडच आहे. दुसरे संकट ओढीचे. शेतातील पाखरे हाकण्यासाठी गोफण गरगर फिरवली, म्हणजे तिच्यातला दगड दोरीला बाहेर ओढतो. टर्बाइनचे पातेही असेच बाहेर ओढले जाते. समजा, ३०० ग्रॅम वजनाचे एक पाते चाकाच्या मध्यापासून ४० सेंटिमीटर अंतरावर आहे आणि चाक मिनिटाला १०,००० फेऱ्या घेत आहे. गणित करून पाहिले, तर त्या पात्याच्या मुळावर १३ टनांहून अधिक ओढ बसते. तळहाताएवढ्या त्या तुकड्याला जणू तीन मोठे हत्ती टांगलेले असतात, आणि तेही तो लाल तापलेला असताना! पाते किंचित लांबले, तरी ते भोवतालच्या वेष्टनाला घासेल. तुटले, तर बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटेल.

इंग्लंडच्या हवाई दलातील तरुण अधिकारी फ्रँक व्हिटल याने १९३० साली अशा एंजिनाचे पेटंट मागितले. अनेकांना ती कल्पना अव्यवहार्य वाटली. एवढी उष्णता आणि एवढी ओढ सोसणारा धातू आणावयाचा कोठून? तरीही व्हिटलने हार मानली नाही. १२ एप्रिल १९३७ रोजी त्याचे एंजिन प्रथम सुरू झाले आणि १५ मे १९४१ रोजी ते बसवलेले विमान इंग्लंडच्या आकाशात उडाले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन स्वतंत्रपणे याच मार्गावर होता. त्याच्या एंजिनावर चालणारे विमान त्याआधीच, म्हणजे २७ ऑगस्ट १९३९ रोजी उडाले होते. कल्पना सिद्ध झाली होती. आता प्रश्न उरला होता तो धातूचा. व्हिटलच्या आरंभीच्या एंजिनांतील पोलादी पाती फार काळ टिकत नसत. सतत तापून आणि ताणून ती हळूहळू लांबत आणि शेवटी तुटत. तापलेल्या धातूच्या या सावकाश लांबण्याला शास्त्रज्ञ ‘क्रीप’ म्हणतात.

या अडचणीवर तोड निघाली ती निकेल धातूच्या साहाय्याने. सुमारे ८० भाग निकेल आणि २० भाग क्रोमियम यांचा मिश्रधातू विजेच्या शेगडीतील तारेसाठी पूर्वीपासून वापरला जात होता. तो तापून लाल झाला, तरी त्याला गंज चढत नाही. इंग्लंडमधील धातुशास्त्रज्ञांनी त्यात थोडे टायटॅनियम आणि थोडे अॅल्युमिनियम मिसळले, आणि १९४० नंतर लवकरच ‘निमोनिक’ नावाचे नवे मिश्रधातू तयार झाले. आश्चर्य असे, की अॅल्युमिनियम हा स्वतः मऊ धातू. ६६० अंश सेंटिग्रेडला तो वितळून जातो. मग त्याने निकेलला बळ कसे दिले?

उत्तर धातूच्या अंतरंगात आहे. निकेलचे तीन अणू आणि अॅल्युमिनियमचा एक अणू, अशा प्रमाणात ते एकत्र येऊन अतिशय बारीक घन बनवतात. आजच्या पात्यांतील असा एक घन मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा असतो. असे असंख्य घन विटांप्रमाणे दाटीने बसलेले असतात आणि उरलेला धातू त्यांच्यामध्ये चुन्याप्रमाणे भरलेला असतो. धातू ताणला गेला, की त्यातील अणूंचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात. हे घन त्यांची वाट अडवतात. म्हणून पाते लांबत नाही. अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम जितके अधिक, तितके हे घन अधिक आणि तितका धातू अधिक बळकट.

येथेच एक मोठे कोडे उभे राहिले. ज्या दोन धातूंनी बळ दिले, तेच हवेचे सर्वांत मोठे भक्ष्य होते. अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम यांना प्राणवायूची विलक्षण ओढ असते. उघड्या भट्टीतील रसात ते टाकले, की त्यांचा काही भाग प्राणवायूशी संयोग पावतो आणि रसात राखेसारखे कण व पापुद्रे तरंगू लागतात. टायटॅनियम तर नत्रवायूलाही सोडत नाही. त्याच्याशी मिळून तो कठीण, ठिसूळ खडे बनवतो. शिवाय वितळलेला धातू हवेतील वायू पिऊन घेतो आणि थिजताना ते बाहेर टाकू लागतो. थिजणाऱ्या धातूत त्यांचे बुडबुडे अडकून पडतात. असा पापुद्रा, असा खडा किंवा असा बुडबुडा पात्यात राहिला, तर १३ टनांची ओढ नेमकी तेथेच त्याला फाडू लागते. बळ वाढवावे, तर मळ वाढतो. मळ टाळावा, तर बळ मिळत नाही. धातुशास्त्रज्ञ अशा पेचात सापडले.

हवा शत्रू असेल, तर तिला भट्टीतून घालवूनच द्यावे, हा त्यावरील उपाय. पोकळीतील हवा पंपाने काढून घेता येते, हे जर्मनीतील ओटो फॉन गेरिके याने सतराव्या शतकातच दाखवले होते. धातूचे दोन अर्धगोल एकमेकांवर ठेवून त्याने त्यांमधील हवा काढून घेतली. तेव्हा घोड्यांच्या दोन पथकांनी दोन्ही बाजूंनी ओढूनही ते सहजासहजी सुटले नाहीत. अशा हवाशून्य जागेला ‘निर्वात’ म्हणतात. या निर्वातात धातू वितळवण्याचे काम जर्मनीतच हानाऊ या गावी विल्हेल्म रोन याने १९१७ च्या सुमारास आरंभले. पण एंजिनाच्या धातूसाठी ही रीत रूढ होण्यास जेट विमानांचे युग उजाडावे लागले. १९५२ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात फालिह दारमारा या धातुशास्त्रज्ञाने लहानशा निर्वात भट्टीत निकेलचा उष्णतारोधक मिश्रधातू ओतून दाखवला. त्यानंतर अशा भट्ट्या झपाट्याने वाढल्या आणि मोठ्याही झाल्या.

आता या भट्टीत डोकावू. ती म्हणजे पोलादाची एक भक्कम, बंद कोठी असते. तिच्या दुहेरी भिंतींमधून थंड पाणी खेळवलेले असते. कोठीत मध्यभागी मूस असते. सोनाराची मूस ओंजळीत मावते. ही मूस कित्येक टन धातू सामावण्याइतकीही असू शकते. ती मॅग्नेशिया किंवा अॅल्युमिना यांसारख्या, सहसा न वितळणाऱ्या पदार्थांची केलेली असते. मुशीभोवती तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे असते आणि नळीतूनही पाणी वाहत असते.

या भट्टीत ना कोळसा, ना ज्वाला. हवाच नसेल, तर कोळसा जळणार कसा? मग उष्णता येते कोठून? मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधून काढलेला नियम येथे उपयोगी पडतो. तांब्याच्या वेटोळ्यातून वेगाने उलटसुलट होणारा विजेचा प्रवाह सोडला, की आतील चुंबकीय क्षेत्रही तसेच बदलू लागते आणि मुशीतील धातूत विजेचे प्रवाह भोवऱ्याप्रमाणे आपोआप फिरू लागतात. त्या प्रवाहांनी धातू स्वतःच तापतो आणि वितळतो. वेटोळे धातूला शिवतही नाही. त्यातून आणखी एक लाभ होतो. चुंबकीय ओढीमुळे रस आपोआप ढवळला जातो आणि त्यात टाकलेले घटक सगळीकडे सारखे मिसळतात.

काम सुरू करताना निकेल, क्रोमियम, कोबाल्ट इत्यादी धातू मोजूनमापून मुशीत भरतात, कोठी बंद करतात आणि पंप सुरू करतात. आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या सुमारे एक लक्षांशापर्यंत उतरवतात. जमिनीपासून ८० किलोमीटर उंचीवर हवा जितकी विरळ असते, तितकीच ती आता या कोठीत उरते. मग वीज सोडतात. निकेल १४५५ अंशांना वितळते. रस त्याहूनही थोडा अधिक तापवतात. कामगार जाड काचेच्या खिडकीतून आत पाहतो. त्याला मुशीत लखलखणारे, आरशासारखे स्वच्छ धातूचे तळे दिसते.

निर्वात केवळ हवा दूर ठेवतो असे नव्हे. तो धातूला धुऊनही काढतो. रसात आधीच मुरलेला प्राणवायू कर्बाशी संयोग पावतो आणि वायुरूप होऊन वर येतो. पंप तो लगेच ओढून नेतो, म्हणून आणखी प्राणवायू बाहेर पडतो. रस मंदपणे उकळल्यासारखा दिसतो आणि उकळता उकळता निर्मळ होतो. दुसरे असे, की महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. त्याच न्यायाने निर्वातात शिसे आणि बिस्मथ हे धातू वाफ होऊन उडून जातात. हे घटक दहा लाख भागांत काही मोजके भाग असले, तरी तापलेल्या पात्याला ठिसूळ करतात. त्यांना घालवण्याची ही उत्तम संधी होय. रस असा शुद्ध झाला, म्हणजे मग शेवटी अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम कोठी न उघडता आत सोडतात. त्यांना पकडण्यास आता हवाच उरलेली नसते. त्यानंतर मूस कलती करून निर्वातातच रस साच्यात ओततात आणि त्याच्या कांबी पाडतात.

या कांबीपासून पाते घडवण्याची रीत ऐकली, तर तुम्हांस नवल वाटेल. कारण ती फार प्राचीन आहे. आधी पात्याची हुबेहूब प्रतिकृती मेणात करावयाची. ती चिकणमातीसारख्या पातळ लेपात बुडवून तिच्यावर बारीक वाळू भुरभुरावयाची. असे थरावर थर चढवून जाड कवच झाले, की उष्णता देऊन मेण वितळवून काढावयाचे. आत उरते ती नेमकी पात्याच्या आकाराची पोकळी. कवच भाजून कठीण करतात, पुन्हा निर्वातात नेतात, आणि कांब वितळवून तिचा रस त्यात ओततात. मोहेंजोदडो येथे सापडलेली नर्तकीची छोटी मूर्ती सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी अशाच रीतीने ओतली होती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या रीतीचे वर्णन केले आहे. तिला संस्कृतात ‘मधूच्छिष्टविधान’ म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मेण. तमिळनाडूतील स्वामिमलै येथील मूर्तिकार आजही याच रीतीने देवांच्या मूर्ती ओततात. प्राचीन मूर्तिकाराची कला आणि जेट एंजिन यांची ही अशी गाठ पडली आहे.

तरीही एक उणीव राहिली होती. धातू थिजताना त्यात असंख्य स्फटिक ठिकठिकाणी जन्म घेतात आणि वाढत वाढत एकमेकांना भिडतात. जेथे ते भिडतात, तेथे सांधा राहतो. अति उष्णतेत हे सांधे प्रथम ढिले होतात. अमेरिकेतील फ्रान्सिस व्हरस्नायडर आणि त्याचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात यावर युक्ती काढली. रस भरलेले कवच पाण्याने थंड ठेवलेल्या तांब्याच्या पाटावर उभे करून ते भट्टीच्या तप्त भागातून सावकाश खाली उतरवावयाचे. मग धातू तळापासून वरपर्यंत क्रमाने थिजतो आणि स्फटिक उसाच्या मोळीप्रमाणे उभे वाढतात. आडवे सांधे राहतच नाहीत. पुढे तर कवचाच्या तळाशी वेटोळ्याची एक अरुंद वाट ठेवण्यात आली. तिच्यातून वर जाताना एक सोडून इतर सर्व स्फटिक मागे पडतात, आणि तो एकच स्फटिक वाढून सबंध पाते व्यापतो. त्या पात्यात सांधा म्हणून नाहीच. १९८० नंतरच्या दशकात प्रवासी विमानांतही अशी एकस्फटिकी पाती वापरात आली. पात्यांच्या पोटात बारीक पोकळ्या ठेवून त्यांतून थंड हवा खेळवतात. म्हणूनच पात्याचा मिश्रधातू ज्या उष्णतामानाला वितळेल, त्याहूनही तप्त वायूत ते उभे राहू शकते.

एवढी दक्षता खरोखर आवश्यक आहे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर एका दुर्घटनेत आहे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोकडे जाणाऱ्या विमानाच्या शेपटीतील एंजिनाची पुढील पंख्याची चकती उड्डाणात फुटली. ती टायटॅनियमच्या मिश्रधातूची होती. तिचे तुकडे उडून विमान वळवणाऱ्या तिन्ही यंत्रणा निकामी झाल्या. वैमानिकांनी केवळ उरलेल्या दोन एंजिनांचा वेग कमी-अधिक करून विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले, परंतु उतरताना ते मोडले. २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. ११२ जणांना प्राण गमवावे लागले. चकतीचे मोठे तुकडे काही महिन्यांनी मक्याच्या शेतात सापडले. तपासात असे दिसून आले, की अनेक वर्षांपूर्वी धातू वितळवताना त्यात नत्रवायूमुळे एक लहानसा ठिसूळ कण राहिला होता. तेथून चीर निघाली, उड्डाणागणिक वाढत गेली, आणि तपासणीतही ती नजरेतून सुटली. तो धातू निर्वातात दोनदा वितळवलेला होता. अशा चकत्यांसाठी तो तीनदा वितळवण्याचा नियम पुढे झाला. भट्टीजवळ झालेली राईएवढी चूक आकाशात पर्वताएवढी होते, ती अशी.

ही विद्या जाणणारे देश मोजकेच आहेत, आणि ती कोणी सहसा दुसऱ्यास देत नाही. भारताने ती स्वतःच्या परिश्रमाने हस्तगत करण्याचा मार्ग धरला. हैदराबाद येथे १९६३ साली संरक्षण खात्याची धातुसंशोधन प्रयोगशाळा स्थापन झाली. १९७३ साली त्याच शहरी ‘मिश्र धातु निगम’ हा सरकारी कारखाना स्थापन झाला. तेथे निर्वात भट्ट्यांतून उष्णतारोधक मिश्रधातू तयार होतात. या प्रयोगशाळेने हेलिकॉप्टरच्या एंजिनासाठी ३०० एकस्फटिकी पाती तयार करण्याचे काम अंगावर घेतले आणि त्यांपैकी ६० पाती बंगलोरच्या हिंदुस्थान एरॉनॉटिक्स या कारखान्याकडे सोपवल्याचे वृत्त एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. साठ ही संख्या लहान वाटेल. पण त्या प्रत्येक पात्यामागे कित्येक वर्षांचे श्रम उभे आहेत.

आकाशातून विमान जाते, तेव्हा आपल्याला त्याचे पंख दिसतात. वैमानिकाच्या धैर्याचे आपण कौतुक करतो. एंजिनाच्या पोटात आगीत उभी असलेली पाती आपल्याला दिसत नाहीत, आणि ती ओतणारे हातही दिसत नाहीत. मुशीतील रसात एकही कण मळ राहू नये म्हणून खिडकीशी डोळे लावून बसलेल्या त्या माणसाला विमानातील प्रवासी कधी भेटत नाहीत. तरी त्यांचे प्राण त्याच्या दक्षतेवर अवलंबून असतात. कोणी पाहत नसतानाही काम चोख करणे, हीच कारागिराची खरी कसोटी होय.

अभ्यास

१. टर्बाइनच्या पात्यावर कोणती दोन संकटे एकाच वेळी येतात? गोफणीचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. ‘बळ वाढवावे, तर मळ वाढतो, मळ टाळावा, तर बळ मिळत नाही.’ धातुशास्त्रज्ञांचा हा पेच आपल्या शब्दांत सांगा.
३. निर्वात भट्टीत कोळसा जळत नाही, तरी धातू कसा वितळतो?
४. निर्वातामुळे धातू शुद्ध होण्यास कोणत्या दोन प्रकारे मदत होते?
५. मेणाच्या प्रतिकृतीपासून पाते ओतण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : किंबहुना, मोजूनमापून, हस्तगत करणे, कसोटी.
७. जवळच्या लोहाराच्या, सोनाराच्या किंवा ओतकाम करणाऱ्या कारागिराच्या दुकानास भेट द्या आणि तेथे पाहिलेल्या कामाचे दहा ओळींत वर्णन करा.